ऑक्टोबरात वेटसूट घ्याच

"गोव्याचं पाणी कोमट, वेटसूटचे पैसे कशाला घालवायचे" असं गोव्यातल्या स्कूबा डायव्हिंगबद्दल कुणीतरी लिहिलंय. (वेटसूट म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख.) जानेवारी-फेब्रुवारीसाठी ठीक आहे, पण ऑक्टोबरात हा सल्ला अंगाशी येतो. ग्रांदे बेटाजवळच्या सूझीज रेकवर, म्हणजे एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर, मी हंगामाच्या अगदी सुरुवातीला, ऑक्टोबरात गेलो होतो. अंगात टी-शर्ट आणि बर्म्युडा. वरचं पाणी मस्त कोमट. आठ-नऊ मीटरवर मात्र कुणी फ्रिजचं दार उघडावं तसा गारवा लागला! मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर तापमानाचा आकडा २९ अंशांवरून २३वर आला. वीस मिनिटांत दात वाजायला लागले, आणि टाकीतली हवाही नेहमीपेक्षा भराभर संपली.

कारण पावसाळ्यातलं. त्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोल समुद्रातलं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी तळातळाने किनाऱ्याकडे चढतं. मांडवी-झुआरीचं आणि पावसाचं गोडसर, हलकं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं, म्हणून होडीतून हात घालून काहीच कळत नाही. नोव्हेंबरच्या आसपास प्रवाह उलटला की हे थंड पाणी ओसरतं. त्या दिवशी मासेही तळाशी जवळजवळ नव्हतेच, सगळे सांगाड्याच्या वरच्या भागात गर्दी करून होते. तेव्हा वाटलं, दिवसच वाईट निघाला. तळाशी ऑक्सिजन कमी म्हणून मासे वर, हे नंतर वाचलं. तीन मिलिमीटर जाडीचा सूट पुरतो. बहुतेक ठिकाणी भाड्यातच येतो, फक्त आधी विचारून घ्या.