दूध उकळून प्रश्न सुटत नाही

वर एका दादांनी लिहिलंय की दूध उकळलं की जंतू मरतात, मग गोठ्यातल्या अँटिबायोटिकची एवढी भीती कशाला? पहिला भाग बरोबर आहे. पण उकळल्याने पेनिसिलिनसारख्या औषधाचा अंश फारसा जात नाही, आणि खरी गोम दुधाच्या पातेल्यात नसून शेणात आहे.

दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली की लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. मग ते जातं कुठे? बादलीत, आणि तिथून वासरांना. औषधाचा थोडा थोडा अंश रोज पोटात गेला की आतड्यातले साधे ई. कोलाय जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे टिकून वाढतात. ते शेणातून उकिरड्यावर, खतातून शेतात, धारा काढणाऱ्याच्या हातावर. शिवाय ही प्रतिकाराची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर) असतात, म्हणजे एक जिवाणू ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतो! कोलिस्टिन या माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या अँटिबायोटिकला दाद न देण्याचं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडलं, तेही असंच फिरणारं होतं. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, हे फार चांगलं झालं.

माझी कळकळीची विनंती: ते दूध वासरांना पाजू नका. आणि दगडी वारंवार होत असेल तर ट्यूब बदलत बसण्याआधी, औषध सुरू होण्यापूर्वीच स्वच्छ बाटलीत दुधाचा नमुना घेऊन कोणतं औषध लागू पडतं ते प्रयोगशाळेत तपासून घ्या.