मदत हवी आहे: ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’ या गेममध्ये गोष्टीच दिसत नाहीत

कर्वेरोडकर:
पीएस२ (प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) जवळून माहीत असलेल्यांनी जरा सांगा.

आमचा दादा २००१ मध्ये डॅलसला होता. ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’ तेव्हा नुकताच आला होता. सुट्टीत घरी आला की तो मला त्यातल्या गोष्टी रंगवून सांगायचा. ब्लॅकफील्ड नावाचं वेड्यांचं इस्पितळ, तिथल्या रुग्णांना कॅलिप्सो नावाचा माणूस बाहेर काढतो, शस्त्रं लावलेल्या गाड्या देऊन एकमेकांवर सोडतो, आणि शेवटी जो उरेल त्याची एक इच्छा पुरी करतो. स्वतःचं नावही न आठवणारा, अंगभर गोंदलेला जॉन डो. मुखवटा चेहऱ्यावर कायमचा अडकलेली डॉलफेस. आणि डोकं पेटलेला विदूषक स्वीट टूथ, जो आईस्क्रीमची गाडी चालवतो. त्या वयात हे सगळं ऐकून माझी झोप उडायची, तरी दर वेळी मीच आग्रह करायचो.

परवा जुन्या बाजारात हीच डिस्क दिसली. पीएस२ माझ्याकडे आहेच, इथलाच घेतलेला. गेम उत्तम चालतो. पण ड्रायव्हर निवडला की थेट मारामारी सुरू. सुरुवातीला कथा नाही, मध्ये नाही, मिनियन या मोठ्या शत्रूला पाडल्यावरही नाही. दादा म्हणतो प्रत्येकाला निदान तीन व्हिडिओ होते. डिस्क पुसून झाली, दुसरं मेमरी कार्ड लावून झालं, ऑप्शन्समध्ये शोधून झालं. डिस्क डुप्लिकेट आहे का कन्सोलची डिस्क वाचणारी लेन्स गेली?

पेठेतला_एक:
जुन्या बाजारात घेतलेल्या डिस्कने चालू होण्याचीही कृपा केली, आणि तुम्ही कथा मागताय!

पेट्रोलपंप:
लेन्स गेली असती तर आधी गेमच अडकला असता, डिस्क वाचता येत नाही असा संदेश आला असता. फक्त व्हिडिओ गाळून बाकी सगळं नीट वाचणारी लेन्स मी तरी पाहिली नाही.

डोक्यावर_आग:
कर्वेरोडकर, डिस्कच्या छापील बाजूवर कोड बघा. एससीयूएसने सुरू होत असेल तर अमेरिकी, एससीईएस असेल तर युरोपातली. माझी पैज एससीईएसवर.

डिस्क खरी आहे, खराबही नाही. युरोपात हा गेम विकायला काढताना पात्रांच्या कथांचे व्हिडिओ काढूनच टाकले होते. भारतात अधिकृत पीएस२ पाल पद्धतीचा, म्हणजे युरोपाच्याच गटातला, त्यामुळे आपल्याकडे आली ती हीच कापलेली आवृत्ती. दादा अमेरिकेत खेळला म्हणून त्याला सगळं दिसलं. मेनूमध्ये शोधू नका, डिस्कवर नाहीच ते.

माझ्या मते हा गेमचा अर्धा जीव कापण्याचा प्रकार होता. गाड्या उडवणारे गेम त्या काळी पुष्कळ होते. याचं वेगळेपण म्हणजे हे लोक गाडीत का बसले ते कळणं, आणि कॅलिप्सोने दिलेली इच्छा शेवटी कशी उलटते ते बघणं. तेच काढलं.

कर्वेरोडकर:
एससीईएसच आहे! म्हणजे इतकी वर्षं दादा खोटं बोलत नव्हता. मग अमेरिकी डिस्क मागवली तर माझ्या पीएस२ वर चालेल?

डोक्यावर_आग:
नाही. पीएस२ जगाच्या दुसऱ्या भागातली डिस्क घेत नाही. मार्ग असे:

दादाकडे जुनी अमेरिकी डिस्क असेल तर ती कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून तिची इमेज, म्हणजे फाइलरूपी पूर्ण प्रत, करा आणि पीसीएसएक्स२ या एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरला पीएस२ सारखं वागवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवा. त्याला लागणारा बायोस, म्हणजे कन्सोलमधला मूळ प्रोग्रॅम, मात्र स्वतःच्या पीएस२ मधूनच काढायचा. एम्युलेटरमधला ‘फास्ट बूट’ पर्याय चालू ठेवला तर भागाची अडचण येत नाही.

घरात पीएस४ किंवा पीएस५ असेल तर काम फारच सोपं. डिसेंबर २०१५ मध्ये हा गेम पीएस४ साठी डाउनलोड म्हणून आला, ट्रॉफ्यांसकट. अमेरिकेचं वेगळं खातं उघडा, दादाला तिथलं गिफ्ट कार्ड घ्यायला सांगा. गेम इथल्या कन्सोलवर चालतो. खातं उघडताना देश नीट निवडा, नंतर तो बदलता येत नाही.

सिंहगडी:
मुलांसमोर लावणार असाल तर जपून. अमेरिकेत याला सतरा वर्षांपुढचं मानांकन आहे, आणि ते रक्तापेक्षा त्या कथांमुळे जास्त पटतं. माझ्या भाच्याने विदूषक बघून आईस्क्रीम सोडलं नाही, पण आम्हाला गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवावा लागला.

कर्वेरोडकर:
पीएस४ नाही. दादाशी आत्ताच बोललो. डिस्क आहेच, शिवाय त्याचा जुना, जाडा पीएस२ ही तळघरात पडून आहे, दिवाळीला येताना आणतो म्हणतो. तोच इथे लावला तर?

पेट्रोलपंप:
थांबा! तो जाडा अमेरिकी पीएस२ फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट घातलात तर धूर निघेल. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर उपयोगाचा नाही, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. पुण्यातल्या तपकीर गल्लीत ‘स्टेप डाउन, २३० चा ११०’ एवढं म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. कन्सोलच्या मागच्या लेबलवर किती वीज खातो ते लिहिलेलं असतं, त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. टीव्ही नवा असेल तर अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचं चित्र बहुतेक निमूट घेईल. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीची जागा आहे का तेवढं आधी टीव्हीमागे वाकून बघा. हल्ली बऱ्याच टीव्हींना त्याऐवजी एकच छोटं भोक असतं, त्याची जोडवायर वेगळी घ्यावी लागते.

कर्वेरोडकर:
भोकच आहे. वायर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही शनिवारी आणतो. मेमरी कार्डही अमेरिकीच लागतं का?

डोक्यावर_आग:
कार्ड कुठलंही चालेल. पण आत्ताची सेव्ह तिकडे लागणार नाही, पहिल्यापासून खेळा.