बोर्डावर स्टेशनरी लिहिताना 'ए' का 'ई'?

झेरॉक्सवाला_सेलू
सेलूत शाळेसमोर झेरॉक्स अन् वह्या-पेनाचं दुकान टाकायलोय. काल दहा बाय तीनचा फ्लेक्स आला, शिडीवर चढून लावलाबी, खाली उतरलो तर बारावीतला भाचा म्हणतो मामा स्टेशनरीचं स्पेलिंग चुकलं, ह्याचा अर्थ तुमचं दुकान जागचं हलत नाही असा होतो. हसावं का रडावं कळंना. फ्लेक्सवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो बाजारात सगळ्यांचे बोर्ड असेच आहेत, अन् कॉम्प्युटरनं लाल रेघ मारली नाही म्हणजे बरोबरच आहे. माझ्याकडं शेवटी ए-आर-वाय आहे, भाचा म्हणतो ई-आर-वाय पाहिजे. बोलताना तर दोन्ही सारखंच ऐकू येतं, मग फरक काय नेमका? बदलू का राहू देऊ?

मास्तरीणबाई
भाचा बरोबर आहे. लाल रेघ येणारच नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. ए वाला म्हणजे जागेवर थांबलेलं, ई वाला म्हणजे कागद, पाकिटं, पेन. मी वर्गात सांगते की पेपरच्या शेवटी ई-आर असतं, तेच इथं आहे. एन्व्हलपचा ई लक्षात ठेवा असंबी सांगतात, पण आमच्या लेकरांना एन्व्हलपचंच स्पेलिंग येत नाही तिथं काय बोलायचं.

मळ्यातला_जिंतूर
ए वाला आमच्या विहिरीवर होता की! लाईटीचा पत्ता नसायचा तेव्हा सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट आवळून डिझेल इंजिन बसवायचे, त्याला इंग्रजीत स्टेशनरी इंजिन म्हणतात. लहानपणी मला वाटायचं ह्याच्यात वह्या कुठं ठेवतेत. अन् बारावीच्या फिजिक्सला स्टेशनरी वेव्ह्ज आहेत, तुमच्या भाच्याला तिथंच सापडलं असंल.

गोदाकाठ
खरं तर दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत राव. मूळ लॅटिनमधलं, उभं राहणं ह्या अर्थाचं. रेल्वे स्टेशन त्यातलंच, अन् आपलं स्थान, स्थिर, पोलीस ठाणं हे लांबचे भाऊबंद. मध्ययुगात युरोपात डोक्यावर माल घेऊन गावोगाव फिरणारे विक्रेते लई, पण पुस्तकवाले विद्यापीठाच्या आसपास एका जागी बस्तान मांडून बसायचे, म्हणून त्यांना स्टेशनर नाव पडलं. लंडनमधी त्यांचा संघ १४०३ पासून आहे, १५५७ ला त्याला राजाची सनद मिळाली. आता बेकरची बेकरी होते ना, तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून ई. भाच्याला सांगा, मामाचं दुकान जागचं हलत नाही म्हणूनच तर ते स्टेशनरी आहे, स्पेलिंग तेवढं चुकलं.

मास्तरीणबाई
@गोदाकाठ बेकरीचं भारी आहे, उद्याच वापरते. फक्त १५५७ ला इंग्लंडच्या गादीवर राणी होती, मेरी. राजाची नका म्हणू.

गोदाकाठ
बरोबर बाई, चुकलं. नवराबी राजाच म्हणवायचा पण ते जाऊ द्या.

फ्लेक्स_अन्_डीटीपी
तुमचा फ्लेक्स मी केलेला नाही, पण धंद्यातलं सांगतो. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देतं तसंच आम्ही टाईप करतो, दुरुस्त केलं तर उलट भांडायला येतेत. बोर्डावर मराठी मोठं आहे का ते बघा आधी. दुकानांच्या कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाबी मराठी पाटी लागते, अन् मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालत नाही. देवनागरीत ए-ईचं लफडंच नाही. इंग्रजीसाठी नवा फ्लेक्स कशाला, एका अक्षराचं व्हिनाईल कापून चिटकवा.

झेरॉक्सवाला_सेलू
चिटकवलं. मराठी मोठंच होतं नशिबानं. ई लाल मिळाला, बाकी अक्षरं मरून रंगाची आहेत, रस्त्यावरून आधी तेवढाच दिसतो. भाचा फोटो काढून मित्रांना पाठवायलाय.