डायलला एन्कोडर लावला की हात शिकायची गरज नाही?

नौपाडा_किल्ली
काल इथेच एकाने लिहिलं : "तिजोरीच्या डायलला एन्कोडर लावा, शंभराचा डायल दहा हजारांत वाचा. हाताची जाण वगैरे जुन्यांच्या गप्पा." आकडे हरवलेली तिजोरी नुसता डायल फिरवून, मोजून उघडायची गोष्ट आहे ही, आणि एन्कोडर म्हणजे डायल किती फिरला ते काउंटमध्ये मोजणारा सेन्सर. नवीन पोरं हे खरं मानतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

दहा हजार काउंट म्हणजे एका डिव्हिजनला 100. पण लिव्हरचं (कुलपातल्या दांडीचं) नाक कॅमच्या, म्हणजे डायलबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या, खाचेच्या कडेला टेकलं हे ठरवतो हात. हात एकदा हलका, एकदा जड लागला की काउंट बदलला. खोटं रीडिंग चार आकडी झालं म्हणून खरं होत नाही.

आधी कुलपातली खाचेची चाकं न हलवता तोच डावा संपर्कबिंदू (नाक डाव्या कडेला टेकतं तेव्हाचा डायलवरचा आकडा) पाच वेळा घ्या. पाचांत जेवढा फरक पडेल, त्याहून लहान बदल ग्राफवर दिसला तरी तो धरायचा नाही. ही चाचणी न करता 40 रीडिंग घेणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

रबाळे_टूलरूम
ती पोस्ट माझीच. साहेब, हिशेब बघा. 76 मिमीच्या डायलवर एक डिव्हिजन काठाला 2.4 मिमी, म्हणजे डिव्हिजनचा अष्टमांश झाला 0.3 मिमी. तो डोळ्याने वाचायचा, तेही मान तिरकी झाली की पॅरॅलॅक्स. डायलला लावलेल्या 20 सेंमीच्या साध्या अ‍ॅक्रिलिक पॉइंटरला तोच अष्टमांश जवळपास 1.6 मिमी दिसतो. हे नाकारणार का? टूलरूममध्ये कोणी फूटपट्टीने शाफ्ट मोजत नाही.

वाशी_व्हर्निअर
पॉइंटर ठीक, पण मध्यावर बसवणार कसा? अर्धा मिमी सरकला तरी इक्सेंट्रिसिटीची (केंद्र हुकल्याची) चूक पूर्ण फेरीभर. सगळा ग्राफ वाकडा येणार.

नौपाडा_किल्ली
इथे मात्र टूलरूमवाल्यांच्या बाजूने बोलावं लागतंय. दोन्ही संपर्कबिंदू डायलच्या त्याच छोट्या पट्ट्यात येतात, त्यामुळे तिथली चूक प्रत्येक रीडिंगला जवळपास तेवढीच राहते. आपल्याला फरक हवा, खरा कोन नको.

खरा घोळ वजनाचा. लांब पॉइंटर एका बाजूला लोंबला की हात सोडताच डायल स्वतः फिरतो आणि कडेवर दाब देतो. विरुद्ध बाजूला तेवढंच वजन लावा.

रबाळे_टूलरूम
वजनाचं मान्य. पण मग "दिवस वाया" हा शब्द मागे घ्या.

नौपाडा_किल्ली
चाचणी केली असेल तर घेतो. नसेल तर नाही.

तुर्भे_तिजोरी
तुम्ही दोघं मोजमापावर भांडताय आणि कुलपात काय ओतलंय ते कोणी बघत नाही! आपल्याकडे खाडीची दमट हवा, डायल जड झाला की मालक फटीतून खोबरेल सोडतो. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. सराफी पेढीत एसी 20 वर. लिव्हरचा पिव्हट चिकट झाला की नाक खाली यायला आळस करतं, आणि दर वेळी रीडिंग वेगळं. लावा मग एन्कोडर.

वाशी_व्हर्निअर
बंद तिजोरीत पिव्हट साफ कसा करणार? उपाय सांगा, नुसतं रडू नका.

तुर्भे_तिजोरी
रडत नाहीये, रोज हेच निस्तरावं लागतं. एसी बंद करा, खोली गरम होऊ द्या. दोन्ही दिशांना चार-पाच पूर्ण फेऱ्या द्या, कुलपाजवळ दारावर रबरी हातोडीने हलके ठोके. मग पुन्हा ती पाच रीडिंगची चाचणी. आणि गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, जुनं ग्रीस पातळ होऊन सगळीकडे पसरतं. उघडल्यावर चाकं पुसून कोरडी करा, ग्रीसचं नुसतं बोट फिरवा.

वाशी_व्हर्निअर
एवढ्या उपद्व्यापापेक्षा ड्रिल बरं.

तुर्भे_तिजोरी
हेच ऐकायचं होतं! हार्डप्लेटवर (ड्रिल अडवणाऱ्या कठीण पत्र्यावर) बिटं घासायची, रिलॉकर (छेडछाड झाली की पडणारा जादा अडसर) पडला की दुप्पट काम, आणि वर दाराला कायमचं भोक. मालकाची कागदपत्रं बघून, त्याला शेजारी बसवून सहा तास शांतपणे डायल फिरवायला काय जातं?

वाशी_व्हर्निअर
सहा तासांचे पैसे मालक देत नाही, ते जातं. असो, दार शाबूत राहतं हे कबूल.

रबाळे_टूलरूम
मूळ मुद्द्यावर या. दाराला चिकटवलेला मापाचा मॅग्नेट बेस सरकला तर कळणार कसं? तिथे तुमचा हात काय करतो?

नौपाडा_किल्ली
हात नाही, वही करते. डावा आणि उजवा बिंदू वेगळे लिहा, शेजारी दोघांतलं अंतर. दोन्ही एकाच दिशेला तेवढेच हलले तर बेस सरकला. एकमेकांकडे आले, अंतर कमी झालं, तर फेन्स (लिव्हरवरची पट्टी, चाकांच्या खाचांत पडते ती) खाली उतरलाय, म्हणजे कुठल्यातरी चाकाची खाच जवळ आहे. पुष्कळ लोक फक्त एकच बिंदू लिहितात आणि सरकलेल्या मॅग्नेटलाच खाच समजून पुढचे दोन तास तिच्यामागे लागतात.

सगळी चाकं एकत्र अडीच-अडीच डिव्हिजननी नेली की 40 जागा होतात. संशयित जागी अर्ध्या डिव्हिजनने परत जा. त्या टप्प्यावर तुमचा पॉइंटर उपयोगाचा, हे मी लिहून देतो. एन्कोडर तरीही नको, कपलिंगमध्ये (डायल आणि एन्कोडरच्या जोडात) ढिलेपणा असला की दिशा बदलताना तोच मोजला जातो.

रबाळे_टूलरूम
बिनढिल्या बेलोज कपलिंगने तो जातो. पण दोन बिंदूंचं अंतर मी लिहीत नव्हतो, हे खरं. बेसभोवती दारावर मार्करची रेघही ओढतो. पॉइंटर ठेवणार.

नौपाडा_किल्ली
ठेवा. पाच रीडिंग आधी.