आजोबांच्या पेटीतील स्क्वॉड्रनच्या बिल्ल्याविषयी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझे आजोबा हवाई दलात जमिनीवरील तांत्रिक कर्मचारी होते आणि १९७१ च्या युद्धकाळात श्रीनगरला तैनात होते. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्यांच्या लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेला एक कापडी बिल्ला सापडला. कसरीने कड खाल्ली आहे, पण खालच्या पट्टीवर 'निर्भय' ही अक्षरे पिवळ्या धाग्यात अजून स्पष्ट आहेत.

माझ्या माहितीप्रमाणे 'तीव्र और निर्भय' हे हवाई दलाच्या १८ व्या स्क्वॉड्रनचे (लढाऊ विमानांच्या तुकडीचे), म्हणजे 'फ्लाइंग बुलेट्स'चे बोधवाक्य आहे. परमवीरचक्र विजेते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों याच स्क्वॉड्रनचे नॅट विमान घेऊन १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात लढले होते. अडचण एवढीच की, हवाई दलाच्या अधिकृत चिन्हांवर वरच्या बाजूला असणारे अशोकस्तंभाचे सिंह (प्रजासत्ताक होण्यापूर्वी त्या जागी ब्रिटिश मुकुट असे) या बिल्ल्यावर अजिबात नाहीत, आणि टाकेही हाताचे वाटतात.

हवाई तळाजवळच्या शिंप्यांकडून असे बिल्ले शिवून घेण्याची पद्धत त्या काळी होती का, आणि त्यात सिंह वगळले जात का? हवाई दलात सेवा केलेल्या किंवा घरी असा बिल्ला जपलेल्या सदस्यांनी कृपया कळवावे. आजी आता ८४ वर्षांची आहे, आणि तिच्या हयातीत हे कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.