जेसीबी ट्रेलरवर बांधायला दोर पुरतो का?

प्रश्न: कराडहून चिपळूणला, कुंभार्ली घाटातून, साडेसात टनांचा बॅकहो लोडर (म्हणजे जेसीबी, पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात) ट्रेलरवरून न्यायचाय. चालक म्हणतो, वजनानेच बसून राहील, नायलॉनचा दोर बास. खरंय का?

ट्रेलरवाला, पाटण: अजिबात नको दादा. करकचून ब्रेक लागला तर वजनाच्या 0.8 पट जोर पुढे येतो असं धरून बांधायचं असतं. म्हणजे तुमच्याकडे सहा टन! 10 मिमीची ग्रेड 80 (जास्त ताकदीच्या पोलादाची) साखळी घ्या, चार कोपऱ्यांना चार वेगळ्या. दोन पुढे ताणलेल्या, दोन मागे. घाट उतरताना सगळा भार मागच्या दोघींवर येतो, त्या नीट बघून घ्या. साखळी मशीनच्या ठरलेल्या कड्यांतच अडकवा, हायड्रॉलिक पाइपला लागू देऊ नका. आणि आधी ट्रेलरवरचा चिखल, ऑइल पुसा. लोक हेच विसरतात.

प्रश्नकर्ता: मागच्या हाताचं काय?

ट्रेलरवाला, पाटण: बूम लॉक (हात जागेवर धरून ठेवणारी खीळ) लावा, पुढचं बकेट खाली टेकवा, हाताला वेगळी साखळी. वळणावर तो बाजूला फिरला तर समोरच्या एसटीत घुसेल. घाटाच्या आधी हेळवाकला थांबून सगळ्या साखळ्या पुन्हा आवळा, तोवर टायर दबून त्या ढिल्या झालेल्या असतात.

प्रश्नकर्ता: साखळ्या आजच आणतो.