'कुठून कळलं' सोडा, 'तिकीट कुणी काढलं' विचारा

कुठला सिनेमा बघायचा हे लोक कसं ठरवतात, ते शोधायला गूगल फॉर्ममध्ये 'सिनेमाबद्दल कुठून कळलं?' असं विचारून ट्रेलर, इन्स्टाग्राम, मित्र असे पर्याय द्यायचे, ही तुमची कल्पना वाचली. फॉर्म फक्त ऑनलाइन फिरवलात तर दादर-लालबागच्या एकपडदा थिएटरात दुपारच्या खेळाला येणाऱ्या काकू त्यात सापडायच्याच नाहीत. त्यांना मध्यंतरात वड्याच्या रांगेतच गाठावं लागेल.

शिवाय पर्याय समोर दिसले की माणूस सगळ्यात शेवटी कानावर पडलेलं तेवढं टिक करून मोकळा होतो. त्यापेक्षा शेवटच्या पाहिलेल्या एकाच सिनेमाची उलटतपासणी घ्या. कुणाबरोबर गेलात, तिकीट कुणाच्या फोनवरून निघालं, त्या दिवशी दुसरा कुठला सिनेमा मागे पडला? आमच्याकडे ट्रेलर बहीण बघते, परीक्षण बाबा वाचतात आणि ठरवते आई, कारण तिला सिनेमा संपल्यावर डोंबिवलीची लोकल गर्दीच्या आधी हवी असते. तुमच्या फॉर्मात आईचं मत कुठे बसणार?

मराठी सिनेमासाठी खेळाची वेळ विचाराच. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम राखायला सांगितलं, आणि शेवटी प्राइम टाइम ठरला दुपारी १२ ते रात्री ९! बाराच्या खेळाला नोकरदार कुठून येणार? तेव्हा 'बघायचा होता, पण राहिला' म्हणणाऱ्यांसाठी वेगळा प्रश्न ठेवा.

फॅमिली ग्रुपवर आलेल्या चोरट्या लिंकबद्दल थेट विचारू नका, कुणी कबूल करणार नाही. 'तुमच्या ओळखीत कुणी बघतं का?' असं विचारा, सगळे भरभरून बोलतील.